जुन्या बुलेटसाठी बाजारातला नवा स्पीडोमीटर घ्यावा का?

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट 350 साठी स्पेअर पार्टच्या दुकानांत बिनब्रँडचा केबलवाला मीटर सहज मिळतो. काच स्वच्छ, आकडे ठळक, हेडलाइटच्या केसिंगमध्ये बसतोही नीट. वेग दाखवण्याच्या कामात मात्र त्याला पाचपैकी दोनच गुण देता येतील. कारण, डायलवर जो बारीक आकडा असायला हवा तो बहुतेक वेळा नसतोच.

केबलवर चालणारा प्रत्येक मीटर ठरावीक फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. डायलवर 1000 असेल तर केबलचे 1000 फेरे झाले की एक किलोमीटर झाला, असं तो धरतो. ‘डब्ल्यू=1.4’ असेल तर 1400 फेरे. 1000 चा मीटर काढून तिथे 1400 चा लावला, तर गाडी खऱ्या 60 ने पळत असताना काटा 43 च्या आसपास राहील. वेग कमी दाखवणारा मीटर जास्त दाखवणाऱ्यापेक्षा कितीतरी धोक्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 मध्येही मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचाच नाही, अशी अट आहे. जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किलोमीटर इतकी मुभा आहे. म्हणजे खऱ्या 60 ला काटा 70 पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो.

आपल्या गाडीला कुठला आकडा हवा, हे घरच्या घरी मोजता येतं. मीटरकडून केबल सोडा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवा आणि पुढच्या चाकावर खडूची खूण करा. गाडी सरळ ढकलत चाकाचे 10 फेरे करा आणि तेवढ्यात पट्टी किती वेळा फिरली ते मोजा. 3.25-19 (3.25 इंच रुंद, 19 इंची चाकाच्या) टायरचा घेर साधारण 2 मीटर, म्हणजे 10 फेऱ्यांत 20 मीटर. तार 20 वेळा फिरली तर मीटर 1000 चा हवा.

विकत घेण्याआधी मीटर तपासायचा असेल, तर केबलचं खालचं टोक वेग बदलता येणाऱ्या ड्रिलमध्ये धरा. मिनिटाला 1000 फेरे दिले की 1000 च्या मीटरचा काटा 60 वर यायला हवा. 500 ला 30 दाखवतो का, हेही बघा. एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक असेल तर तो मीटर परत करा. ड्रिलचे फेरे टॅकोमीटरने (फेरे मोजणाऱ्या यंत्राने) मोजा, अंदाजावर जाऊ नका. काटा शून्याच्या खिळ्याकडे दाबला गेला तर ड्रिल उलटं फिरतंय.

खरं तर अनेकदा नवा मीटर लागतच नाही. जुन्या मीटरमध्ये दोन वेगळी कामं चालतात. किलोमीटरचे आकडे गिअरवर फिरतात. काटा मात्र फिरत्या चुंबकामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीवर येणाऱ्या ओढीने हलतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते. चुंबक वयाने उतरला की काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल पडली की जास्त. म्हणून महामार्गाच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून मोजत 10 किलोमीटर चालवून पाहा. किलोमीटर बरोबर पण वेग चुकीचा, तर दोष मीटरच्या आत आहे. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर उघडू नका. दोष टायरमध्ये, वर्ममध्ये (चाकाजवळ केबल फिरवणाऱ्या गिअरमध्ये) किंवा फेऱ्यांच्या आकड्यात आहे. त्याच रस्त्यावर काटा 60 वर स्थिर धरून एका किलोमीटरला लागलेले सेकंद मागे बसलेल्याला मोजायला सांगा. 3600 ला त्या सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो. 66 सेकंद लागले तर खरा वेग 54.5, आणि एवढा फरक चालतो.

टायरचा वाटा लहान असतो. 3.25 ऐवजी 3.50-19 घातला तर काटा साधारण 2 टक्के कमी दाखवेल. 18 इंची चाक घातलं तर 4 टक्के जास्त.

काटा थरथरत असेल तर पहिला संशय केबलवर घ्या. आतली तार बाहेर काढा, रॉकेलने धुवा आणि सपाट काचेवर लोळवा. उड्या मारत लोळली तर ती वाकलेली आहे, बदलाच. ग्रीस फक्त खालच्या दोन-तृतीयांश भागाला लावायचं. मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवायची, कारण फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि वाटी चुंबकाला चिकटते. मग गाडी उभी असली तरी काटा शून्यावर येत नाही. हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात सहज टाळता येणारा बिघाड आहे.

मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलात तर एकच गोष्ट विचारा: चुंबक पुन्हा भारता का? काटा उपटून दुसऱ्या जागी बसवणारा कारागीर एका वेगाला बरोबर करून देतो आणि बाकी सगळीकडे चूक. चुंबक भारून ड्रिलवर तीन वेगांना तपासून देणारा कारागीर सापडला, तर मूळ मीटरच दुरुस्त करून घ्या. बिनब्रँडचा नवा मीटर फक्त मूळ मीटर गंजून गेला असेल तरच घ्या, आणि तोही फेऱ्यांचा आकडा जुळवून.

नवा बसवा की जुना, पंक्चरनंतर पुढचं चाक लावताना मीटर ड्राइव्हचे (चाकाजवळ केबल फिरवणाऱ्या भागाचे) दात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, खाचांत नीट बसलेत का ते पाहूनच एक्सलचा नट आवळा. दात खाचेबाहेर राहून नट आवळला, तर ते तिथेच वाकतात किंवा तुटतात.