छातीवरून की अन्ननलिकेतून? भूलतज्ज्ञाने आधी कोणती इको शिकावी

सकाळी गंगापूर रोड, दुपारी द्वारका असं नाशिकभर फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाने आधी छातीवरचीच इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकावी, असं माझं मत. रुग्ण जागा असतो, पाच-दहा मिनिटांत कामापुरतं चित्र मिळतं. खुबा मोडलेल्या आजींची महाधमनीची झडप आवळलेली असेल, तर स्पायनलनंतर (पाठीत सुई टोचून दिलेली भूल) बीपी धाडकन कोसळू शकतो. ते सुई टोचण्याआधी कळलेलं बरं. एरवी इकोसाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, पण मोडलेल्या खुब्यामुळे आजींना तसं वळवता येत नाही. मग प्रोब (मशीनचा अंगाला टेकवायचा भाग) छातीच्या हाडाखाली, पोटावर जवळजवळ आडवा धरायचा आणि डाव्या खांद्याकडे रोखायचा. हात बसायला महिने जातात. (आणि मशीन गाडीच्या डिकीत टाकून फिरवता येत नाही, पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालची, नोंदणी जागेची असते.)

अन्ननलिकेतून चित्र जास्त स्वच्छ येतं, मध्ये बरगडी नाही की फुफ्फुस नाही. छाती उघडल्यावर झडपेची दुरुस्ती जमली का, हे तिथूनच बघतात. पण २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत २८ दृश्यं (हृदय बघायचे ठरलेले कोन) आहेत, प्रोब महाग, आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर धोका. शिकायला हृदयशस्त्रक्रियेचं थिएटर रोज मिळत असेल, तरच त्या वाटेला जावं.