क्रिस्टल सायलेन्स : चार काड्यांचा हेवा

मला खरं तर ट्रम्पेट आणि व्हायब्राफोनची जोडी ऐकायची होती. मी जलतरंग वाजवते, म्हणजे पाणी भरलेल्या वाट्यांवर काड्यांनी. सोबतीला सनई असली की आमच्या वाट्यांचं बरं चालतं. ठोका विरला की फुंक सूर धरून ठेवते. लेकानं मात्र ‘क्रिस्टल सायलेन्स’ हा भलताच जॅझ अल्बम लावून दिला. चिक कोरियाचा पियानो, गॅरी बर्टनचा व्हायब्राफोन, बाकी कोणी नाही. दोन्ही ठोक्याची वाद्यं! म्हणजे जलतरंगाशेजारी संतूर बसवल्यातली गत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माडीवर, असल्या पावसात सेवउसळ खायची सोडून, खिडक्या लावून जरा फुरंगटूनच बसले.

रेकॉर्डिंग १९७२च्या नोव्हेंबरातलं, ऑस्लोचं, ईसीएम या रेकॉर्ड कंपनीसाठी. पहिल्या ‘सेन्योर माउस’मध्ये दोघंही भरभरून वाजवतात, मला गर्दी वाटली. पण शीर्षकाची रचना आली आणि मी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. एकाचा सूर विरत असतो तेव्हा दुसरा थांबतो, घाई करत नाही. तो विरत जाणारा सूरच इथे ऐकायचा.

व्हायब्राफोनला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली नळ्या, पायाशी पेडल. पेडल दाबलं की सूर घुमतो, सोडलं की सगळ्या पट्ट्या एकदम गप्प. बर्टन एकेका हातात दोन अशा चार काड्या धरतो आणि पेडल दाबलेलं असतानाही नको ती एकच पट्टी काडी टेकवून मिटवतो. शेजारची वाजतच राहते. मला एक वाटी गप्प करायला बोट लावावं लागतं, तोवर सम निघून गेलेली असते. शिवाय नळ्यांतल्या चकत्या मोटरनं फिरवून सूर थरथरवायची सोय या वाद्यात असते, ती हा वापरतच नाही. आमच्याकडे पाण्याला काडी लावून सूर हलवायचा मोह कुणाला आवरतो!

हीच शीर्षकाची रचना कोरियानं त्याच वर्षी ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ या अल्बममध्ये आधी वाजवली होती. तिथे जो फॅरेलचा सोप्रानो सॅक्सोफोन आहे, म्हणजे मला हवी होती तीच फुंक. लगोलग लावून पाहिली. सुरेल आहे, पण सॅक्सोफोन सूर सोडतच नाही, मग विरायला उरतं काय? माझं सनईचं पालुपद इथे मला मागे घ्यावं लागलं.

‘क्रिस्टल सायलेन्स’मध्ये बासवादक स्टीव्ह स्वॉलोच्या तीन रचना आहेत, त्यांतली ‘फॉलिंग ग्रेस’ परत परत ऐकावी अशी. शेवटची ‘व्हॉट गेम शॅल वुई प्ले टुडे’ मला जास्तच गोड लागली. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. सुराची शेपटी तो खाऊन टाकतो. मी लेकाचे हेडफोन अजून परत केलेले नाहीत.

काल एका हातात दोन काड्या धरून पाहिल्या. तार षड्जाची चिमुकली वाटी उलटली, पाणी सतरंजीवर. हे म्हणाले, “पुसायला किती काड्या लागतील?”