वाफ घालून गार पाणी काढणारं यंत्र : आमच्या आसवनीतल्या व्हॅमचे आठ हंगाम

साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढतात तिथं, मी एकोणतीस वर्षं काढली. सुरुवात बॉयलर अटेंडंट म्हणून, शेवट युटिलिटीचा, म्हणजे वाफ-वीज-पाण्याचा, इनचार्ज म्हणून. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, त्यामुळे आता कुणाची भीड नाही. शेवटची आठ वर्षं माझ्या ताब्यात थरमॅक्स कंपनीचं, वाफेवर पाणी गार करणारं 150 टनांचं व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन होतं. आम्ही सगळे त्याला व्हॅम म्हणायचो. इथं टन म्हणजे वजन नव्हे, गारव्याचं माप. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. हे मशीन घ्यावं का, असं मला अजून फोनवर विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी गरज काय होती ते. मळी आंबवताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, 32 अंशांवर राहिला तर काम झकास, 35 च्या पुढे गेला की यीस्ट आळसावतं. सोलापूरकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. बाहेर 42, आणि कूलिंग टॉवरचं पाणी काही केल्या 30 च्या खाली येत नाही. त्या पाण्यानं फर्मेंटर गार करायचा म्हणजे घामानं घाम पुसण्यातला प्रकार. दर उन्हाळ्यात वॉशमधलं, म्हणजे आंबलेल्या मळीतलं, अल्कोहोल अर्ध्या-पाऊण टक्क्यानं उतरायचं आणि एमडी साहेबांच्या केबिनमध्ये आमची हजेरी लागायची.

गार पाणी हवं हे सगळ्यांना मान्य होतं. वाद होता तो विजेवर पाणी गार करणारं स्क्रू चिलर घ्यायचं की वाफेवरचं व्हॅम, यावर. आमचे फिटर मामा पहिल्यांदा ऐकून हसलेच. म्हणाले, "वाफ घालायची आन् गार पाणी काढायचं? उद्या चूल पेटवून बर्फ करशीला." त्यांचं चूक नव्हतं. मलाही समजायला दोन दिवस लागले, आणि समजलं ते साईट ग्लासला, मशीनच्या काचेच्या खिडकीला, डोळा लावल्यावर.

आत काय चालतं ते सांगतो. मशीनमधली हवा ओढून काढलेली असते. बाहेर हवेचा दाब 760 मिलीमीटर पारा, तर आत इव्हॅपोरेटरमध्ये, जिथं पाणी गार होतं त्या कप्प्यात, जेमतेम 6. एवढ्या कमी दाबाला पाणी 4 अंशांवर उकळतं. होय, 4 अंशांवर. नळ्यांवर पाणी शिंपडायचं, ते उकळताना नळ्यांमधल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं आणि नळीतलं पाणी गार होतं. मात्र तयार झालेली वाफ तिथून सतत हटवावी लागते. ते काम लिथियम ब्रोमाइडचं. पावसाळ्यात मीठ कसं पाणी ओढून पाझरतं, तसंच हे मीठ, फक्त दहापट हावरट. वाफ पिऊन पिऊन ते पातळ झालं, की आपल्या वाफेवर तापवून पुन्हा घट्ट करायचं आणि परत कामाला लावायचं. आपली वाफ लागते ती एवढ्याचसाठी. काचेतून पाहिलं की पाणी खदखदताना दिसतं, आणि त्याच शेलवर हात ठेवावा तर गार. मामांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. त्यानंतर चुलीचा विषय निघाला नाही.

आता पैशांचं. विक्रीला येणारे सगळे "वीज वाचते" म्हणतात, ते खरं आहे, पण अर्धंच. 150 टनांचं विजेवरचं चिलर म्हणजे 110 किलोवॉटच्या आसपास भार. व्हॅमचे स्वतःचे पंप मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्यातही बसतात. पण आमचं मशीन सिंगल इफेक्टचं, म्हणजे वाफेची उष्णता एकदाच वापरणारं, दीड बार दाबाच्या वाफेवर चालणारं; त्याला टनामागे तासाला आठ-सव्वाआठ किलो वाफ लागते. म्हणजे भरल्या लोडला ताशी सव्वा टन वाफ. ही वाफ तुम्ही इंधन विकत आणून खास या मशीनसाठी करणार असाल, तर विजेत वाचलेले पैसे भट्टीत जातात. डबल इफेक्टचं मशीन तीच उष्णता दोनदा वापरून निम्म्या वाफेत भागवतं, पण त्याला 8 बारची ताजी वाफ द्यावी लागते. मी ब्रिकेटच्या (भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांच्या) भावानं त्याचाही हिशेब मांडून पाहिला होता. विजेच्या बिलाशी जवळजवळ बरोबरी झाली, हातात काही उरेना.

आमचं जमलं ते वेगळ्या कारणानं. इंधन घरचं, बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. आणि गळीत हंगामात टर्बाईनमधून निघालेली एक्झॉस्ट वाफ आम्ही कित्येकदा चक्क आकाशात सोडत होतो. रात्री तीन-तीन वाजता तो भोंग्यासारखा आवाज अख्ख्या कॉलनीनं ऐकलाय. व्हॅम त्या वाफेवर बसवलं आणि आवाज बंद झाला. माझी बायको म्हणाली, "आता झोप लागंना, सवय झाली होती." हंगाम संपल्यावर, आसवनी एकटी साठवलेल्या बगॅसवर चालते तेव्हा मात्र हिशेब इतका गोड राहत नाही. ते चार महिने वाफेचा प्रत्येक टन मोजूनच द्यावा लागायचा.

दुसरी गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, ती पाणी. या मशीनला फर्मेंटरची उष्णता तर बाहेर टाकावी लागतेच, वर आपण घातलेल्या वाफेचीही टाकावी लागते. त्यामुळे कूलिंग टॉवर विजेच्या चिलरच्या जवळजवळ दुप्पट. भरल्या लोडला आमचे तासाला सुमारे दोन टन पाणी नुसतं वाफ होऊन उडायचं. सोलापूर जिल्ह्यात बसून हे लिहितोय, म्हणजे समजून घ्या. आसवनीचं कंडेन्सेट (वाफेचं परत झालेलं पाणी) शुद्ध करून टॉवरची तूट भरायला वापरायची सोय झाली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

दोन फजित्याही सांगितल्या पाहिजेत. पहिली सर्वस्वी आमची. मशीन बंद करताना ते पाऊण तासभर स्वतःचं द्रावण पातळ करून घेतं, डायल्युशन सायकल म्हणतात. एका रात्री वीज गेली, डिझेल जनरेटरनं दगा दिला आणि घट्ट द्रावण आतल्या आत गार होत गेलं. सकाळी पंप घुमेना. हिवाळ्यात डब्यातलं तूप थिजतं, तसं मीठ हीट एक्स्चेंजरमध्ये बसलेलं. सर्व्हिसचा पोरगा पुण्याहून दुपारी पोचला, बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला, "काका, ठोकाठोकी केली नाही ना?" नव्हती केली. मग ओली गोणपाटं गुंडाळून, त्यावर वाफेची नळी सोडून रात्रभर शेक दिला. पहाटे चारला पंपाचा आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते जनरेटरची बॅटरी बदलून घेण्याचं.

दुसरी फजिती पाण्याच्या केमिकलची. स्वस्तात देतो म्हणणारी एक पार्टी परचेसवाल्यांनी आणली. चार महिन्यांत कंडेन्सरच्या (टॉवरचं पाणी फिरतं त्या) नळ्यांत पांढरं कवच धरलं, गार पाणी 10 वरून 13 वर गेलं, आणि सगळे मशीनलाच शिव्या घालायला लागले. झाकण उघडून नायलॉनच्या ब्रशनं एकेक नळी घासली. मामा खाली पत्र्यावर निघालेली खपली गोळा करत होते. सव्वा बादली भरली. ती बादली मी तशीच उचलून परचेसच्या टेबलावर नेऊन ठेवली. पार्टी बदलली.

व्हॅक्यूमचं म्हणाल तर ती रोजची पूजा आहे. हवा आत शिरली की गारवा घटतो आणि गंजही सुरू होतो. आत शिरलेली हवा ओढणारा पर्ज पंप चालवायचा, तेल बघायचं, लॉगशीटवर खरेच आकडे लिहायचे. ज्या कारखान्यात लॉगशीट महिनाअखेरीस एका बैठकीत भरतात, त्यांनी हे मशीन घेऊ नये.

थरमॅक्सच का, असंही विचारतात. आमच्या पिढीला त्यांचं नाव नवं नव्हतं. कापड प्रोसेसिंगच्या लाइनीत गरम तेलाच्या कुठल्याही हीटरला "थर्मोपॅक"च म्हणतात, कंपनी कुठलीही असो. ते थरमॅक्सच्या मालाचं नाव. 1966 साली ए. एस. भाथेना यांनी वॅन्सन इंडिया म्हणून सुरुवात केली, लहान बॉयलरांपासून. 1980 ला नाव थरमॅक्स झालं, तोवर सूत्रं त्यांचे जावई रोहिंटन आगा यांच्याकडे आली होती. गरम करणाऱ्यांनी गार करायचं यंत्र काढावं हे बाहेरच्याला विचित्र वाटतं. बॉयलरवाल्याला नाही वाटत. उष्णता कुठून निघते आणि कुठं वाया जाते, हे ज्याला कळतं त्याला पुढची पायरी दिसतेच.

1995 ला कंपनी शेअर बाजारात आली, 1996 ला रोहिंटन आगा गेले, पुढच्या वर्षी मुलगाही गेला. त्यांच्या पत्नी अनु आगा यांनी धुरा घेतली, पण 400 च्या घरातला शेअर 36 पर्यंत घसरला. एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, तुम्ही आम्हाला निराश केलंत म्हणून. त्या स्वतःच हे सांगतात. मग बाहेरचे सल्लागार आणले, पसारा आवरला, बॉयलर-चिलर या मूळ धंद्यावर परत आले. 2004 पासून मुलगी मेहेर पदमजी अध्यक्ष. माझ्या मेहुण्यानं 36 च्या आसपास भीत भीत शंभर घेतले आणि दुप्पट झाल्यावर विकून रंगीत टीव्ही आणला. अजून त्या टीव्हीचं नाव काढलं की जेवण सोडून उठतो.

सगळंच सरळ वाढत गेलं असंही नाही. 2010 ला थरमॅक्सनं अमेरिकेच्या बॅबकॉक अँड विलकॉक्सबरोबर भागी करून शिरवळला प्रचंड बॉयलरांचा कारखाना घातला, कोळशाच्या मोठ्या वीज केंद्रांसाठी. नेमक्या त्याच ऑर्डरी आटल्या. 2018 ला भागीदाराचा हिस्सा यांनी घेऊन टाकला. त्याच वर्षी आंध्रात श्री सिटीला चिलरचा नवा कारखाना सुरू झाला. पुण्याला जाताना शिरवळची ती शेड दिसली की मला वाटतं, यांचा हात बसलाय तो आमच्यासारख्यांच्या कामावर : भुसा, बगॅस, स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी), जे मिळेल ते जाळून देणाऱ्या बॉयलरवर. इथेनॉलनं आसवन्या वाढल्या, स्पेंटवॉश ओढ्यात सोडायची सोय राहिली नाही, तो जाळणारे बॉयलर घेणं भाग पडलं. त्या लाटेत यांना काम मिळालं. 2024-25 ला उलाढाल दहा हजार कोटींच्या पुढे गेली.

माझं मत विचाराल तर आमच्या जागी पाचातले साडेचार तारे. अर्धा कापला तो पाण्यासाठी, आणि तो कंपनीचा दोष नाही, यंत्राच्या जातीचाच आहे. आठ हंगामांत एकदाही बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी व्हॅमनं तोंड फिरवलं नाही. खंडेनवमीला मामा बॉयलरला हार घालायचे, तसा तिसऱ्या वर्षापासून यालाही घालायला लागले.

परवा पुतण्याचा फोन आला. इंदापूरजवळ लहान डेअरी आहे त्याची. "काका, व्हॅमचं कोटेशन मागवू का?" मी विचारलं, तुझ्याकडं वाया काय जातं? म्हणाला, "काहीच नाही, बॉयलर लहान आहे, पाश्चरायझरला सगळी वाफ लागते." आणि दुधाला पाणी किती गार हवं? "एक-दोन डिग्री." आमच्यासारख्या मशीनला 4-5 च्या खाली उतरायचं नसतं, आत पाणीच फिरतं, ते गोठेल. त्याला म्हटलं, तू आपला अमोनियाचा आइस बँक (बर्फ साठवून पाणी गार ठेवणारी टाकी) नीट ठेव, आणि कंडेन्सरच्या नळ्या शेवटच्या कधी घासल्या होत्यास ते सांग. पुतण्या गप्प.