समुद्रतळाचे कोअर ऑनलाइन शोधायचेत? जेनस आणि लोर वापरून पाहिले

समुद्राच्या तळातून लांब नळीत काढलेला गाळ, म्हणजे कोअर, कुठल्या भांडारात ठेवलाय हे घरबसल्या शोधता येतं, तेही फुकट, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय. ग्लोमार चॅलेंजर जहाजाने १९६८ मध्ये खोल समुद्रात ड्रिलिंग सुरू केलं, १९८५ पासून ते काम जॉइडिस रेझोल्यूशनने केलं, आणि ते कोअर आज मुख्यतः जर्मनीतलं ब्रेमेन, अमेरिकेतलं कॉलेज स्टेशन शहर आणि जपानमधलं कोची इथे आहेत. ओडीपी (ओशन ड्रिलिंग प्रोग्राम) आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या मोहिमांचा डेटा जेनस या ऑनलाइन डेटाबेसमध्ये, २००९ पासूनच्या जॉइडिस रेझोल्यूशनच्या मोहिमांचा लोर या डेटाबेसमध्ये.

दिसायला दोन्ही जुनाट आहेत, नुसते टेबल आणि ड्रॉपडाउन, नकाशावर बोट ठेवून शोधायची सवय असेल तर पहिला दिवस वैतागात जातो. पण एकदा नंबर वाचायला शिकलात की मजा येते. उदाहरण घ्या, १७१बी-१०४९ए-१७एक्स-२. मोहीम १७१बी, साइट १०४९, होल ए, वरून सतरावा कोअर, एक्स म्हणजे तो कुठल्या प्रकारच्या ड्रिलने काढलाय ते, आणि २ म्हणजे दुसरा सेक्शन. हा अटलांटिकमधल्या ब्लेक नोजचा कोअर, १९९७ चा. याचा फोटो उघडून बघाच! खाली क्रिटेशस काळातला फिकट गाळ, त्यावर उल्कापातात उडालेल्या बारीक गोळ्यांचा हिरवट थर, आणि त्याच्या वरचा गाळ डायनासोर गेल्यानंतरचा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची घटना एवढ्याशा पट्ट्यात, मी तर कितीतरी वेळ तो फोटो झूम करून बघत बसले होते.

आता जिथे माणूस हमखास चुकतो ते. कोअर बॅरल, म्हणजे गाळ पकडणारी नळी, साधारण साडेनऊ मीटरची, पण कोअर कापून दीड-दीड मीटरचे सेक्शन करतात आणि सेंटिमीटर सेक्शनच्या वरच्या टोकापासून मोजायचे, कोअरच्या नाही. मी पहिल्यांदा सॅम्पल मागितलं तेव्हा हीच चूक केली, मागणी दीड मीटर वर-खाली झाली, नशीब क्युरेटरने वेळेत विचारलं. दुसरं म्हणजे रिकव्हरी (खोदलेल्या लांबीच्या तुलनेत किती गाळ हाती आला ते) १०० टक्क्यांच्या वर दिसली तर डेटा चुकलाय असं समजू नका, वर आल्यावर दाब कमी होतो, आतला गॅस फुगतो आणि गाळ पसरतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यादीत सॅम्पल दिसलं म्हणजे ते शिल्लक आहे असं होत नाही. प्रत्येक कोअर उभा चिरतात, एक अर्धा भाग अर्काइव्ह म्हणून जपतात, दुसऱ्यातून सॅम्पल देतात, आणि नावाजलेल्या थरांवर इतकी मागणी असते की तिथे तो दुसरा भाग अगदी पोखरून गेलेला असतो. आधी कोणी कुठून किती घेतलंय त्याची नोंद शोधून बघा, मगच प्रपोजल लिहायला बसा, नाहीतर आठवडेच्या आठवडे वाया जातात. ही माहिती कोअरच्या फोटोशेजारीच दिसली असती तर मी डोळे झाकून पाच स्टार दिले असते, सध्या चार. शिकणाऱ्यांनी आधी फोटो आणि ग्रेन डेन्सिटीसारखी (गाळाच्या कणांची घनता) छोटी टेबलं डाउनलोड करून हात बसवावा, सॅम्पलची मागणी नंतर.