मीटिंग उठली, आता आधी काय: मिनिट्स, ग्रुप की चहा?

बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. दर सोमवारी साडेनवाला मीटिंग: फाउंड्रीवाले, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करणारे, पॅटर्नचे, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचे मिस्त्री, क्वालिटीची पोरं आणि आम्ही. पाऊण तासात खुर्च्या सरकतात, आणि खरी पंचाईत तिथून पुढं. जे ठरलं ते कुणी लिहायचं, कशात लिहायचं, की सरळ चहाला जायचं? हे काम ज्यांच्या गळ्यात नव्यानं पडलंय, त्यांच्यासाठी मी वापरून बघितलेल्या वाटा शेजारी शेजारी ठेवतो.

सगळ्यात रुबाबदार म्हणजे रीतसर मिनिट्स, म्हणजे काय ठरलं याची लेखी नोंद, मेलवर. काही ठिकाणी तिथं निवड नसतेच. संचालक मंडळाची बैठक असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ११८ सांगतं की ३० दिवसांच्या आत मिनिट्स नोंदवहीत आले पाहिजेत. गिऱ्हाइकाबरोबर दर, ड्रॉइंग किंवा मुदत बदलली असेल तरी मेलच करा, आणि त्याच दिवशी; उद्या पैशावरून वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. पण सोमवारच्या मीटिंगला? मी तीन महिने मिनिट्स काढले. इंग्रजीत, दोन पानं. मंगळवारी संध्याकाळी जायचे. मिस्त्रींना मेल आयडीच नाही हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज दिसायला हलका, पण आमच्याकडं टिकला तो हाच. का टिकला, ते एका नुकसानीतून सांगतो. एका कास्टिंगच्या बोअरला, म्हणजे आतल्या गोल भोकाला, मशीनवर कापून काढण्यासाठी २ मिमी जादा माल ठेवत होतो, तो ३ करायचं मीटिंगमध्ये ठरलं. म्हणजे कोअर बॉक्स, ज्यात ते भोक पाडणारा वाळूचा गाभा बनतो तो साचा, बदलायचा. मिस्त्री मान हलवून म्हणाले, ‘आय्तु री.’ आता कानडीत ‘आय्तु’ म्हणजे ‘झालं’, आणि ‘बरं, ठीक आहे’ म्हणजेही ‘आय्तु’. मी ऐकलं, काम झालंच म्हणून समजा. त्यांच्या मनात होतं, बरं, ड्रॉइंग पाठवा, मग बघतो. ते ड्रॉइंगची वाट बघत बसले, मी कोअर बॉक्सची. दहा दिवसांनी जुन्याच मापाचे ४० नग आले आणि टर्निंगला लावल्यावर बोअरमध्ये काळं राहिलं, म्हणजे माल कमी पडून ओतलेला भाग न कापता तसाच राहिला. चूक कुणाची, यावर अजून एकमत नाही.

कानडीला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. आपलं ‘परवा’ काय कमी आहे का? गेलेलाही परवा, येणाराही परवा. कानडीत निदान मागच्याला ‘मोन्ने’ आणि पुढच्याला ‘नाडिद्दु’ असे वेगळे शब्द आहेत. मी एकदा ‘पॅटर्न – परवा’ एवढंच लिहिलं, आणि एकानं पॅटर्न गेला असं समजून गाडी पाठवली. तेव्हापासून आमच्या मेसेजची ओळ अशी असते: ‘कोअर बॉक्स, बोअर ३ मिमी – मिस्त्री – गुरुवार १२ तारीख. ड्रॉइंग देणार – मी – आज दुपारी ३.’ काम, माणूस, तारीख. पाच ओळींच्या वर नाही. क्वालिटीतला एक पोरगा त्याच ओळी कानडीत लिहून खाली टाकतो, त्याला दोन मिनिटं पुरतात. मग मेसेज सात दिवसांसाठी पिन करायचा, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तो गाडला जात नाही.

व्हॉइस नोटचा मोह होतो, पण शॉपमध्ये मशीन चालू असताना ती कुणाला ऐकू येत नाही, आणि नंतर शोधायची म्हटलं तर सापडत नाही. वाचायला ज्यांना जड जातं त्यांना जोडीला पाठवा, एवढंच. सामाईक शीट वीस-पंचवीस मुद्दे महिनोन्‌महिने चालणार असतील तर उत्तम. आमच्याकडं दोन आठवडे लाल-पिवळे रंग भरले, मग कुणी उघडली नाही.

आता चहा. याला काम न समजणारे साहेब मी बघितलेत, मला ते पटत नाही. मीटिंगमध्ये जे बोललं जात नाही ते गेटबाहेरच्या टपरीवर बाय टू, म्हणजे एकाचे दोन केलेला चहा, हातात आल्यावर निघतं. एकदा तिथंच एक मोल्डर म्हणाले, ‘त्या कोअर बॉक्सचा कान तुटलाय, सगळ्यांसमोर कसं सांगायचं?’ पाऊण तास आम्ही रिजेक्शनची कारणं शोधत होतो, आणि कारण चहाच्या ग्लासाशेजारी उभं होतं. तोटा एवढाच की टपरीवर ठरलेलं न आलेल्यांना कळत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्यामागं ठरवलं.

तर निवड कशी करायची? पैसा, माप किंवा मुदत बाहेरच्या माणसाशी बदलली असेल तर मेल. नुसती माहिती द्यायची मीटिंग असेल तर काहीच लिहू नका, सरळ मशीनवर जा. बाकी सगळ्याला ग्रुप, पण उठायच्या आधी. सगळे बसलेले असतानाच टाइप करायचं, मोठ्यानं वाचायचं, ‘आय्तु’ आलं की ‘याव दिना?’, म्हणजे ‘कुठल्या दिवशी?’, असं विचारायचं, आणि पाठवून मग चहाला. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटं दुरुस्त करता येतो, आणि आमची टपरीची फेरी साधारण तेवढ्यातच होते. स्पेलिंग किंवा नाव चुकलं असेल तर तिथंच सुधारतो. तारीख बदलली तर मात्र नवीन मेसेज टाकतो, कारण जुना दुरुस्त केल्यानं कुणाचा फोन वाजत नाही.