वेळास की आंजर्ले?

फेब्रुवारी सरत आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: कासवं बघायची आहेत, वेळासला जावं की आंजर्ल्याला? दोन्ही गावं रत्नागिरी जिल्ह्यातली, वेळास मंडणगड तालुक्यात, आंजर्ले दापोलीत. दोन्हीकडे नारळी-पोफळीची आगरं आणि दोन्हीकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तरी मुक्कामाला ही गावं फार वेगळी आहेत. म्हणून मी आधी उलट विचारते, बरोबर कोण आहे?

नाव झालं ते वेळासचं, आणि ते रास्तच आहे. पूर्वी किनाऱ्यावरची अंडी सर्रास खणून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं इथं घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. नेमकी कुठल्या दिवशी, ते कासवालाच विचारा.

आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. पहिल्या सकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. पुण्याहून आलेला एक गट चिडून निघून गेला. तिसऱ्या सकाळी टोपलीखाली नऊ पिल्लं, अंगाला वाळू चिकटलेली, तळहाताहून लहान. दोरीपलीकडे सोडल्यावर ती वल्ही मारावीत तशी निघाली. एक लाट आली, दोघांना उलटंपालटं करून मागे टाकून गेली. ती सरळ झाली आणि पुन्हा निघाली. दोरीअलीकडे कुणी बोलत नव्हतं.

तर वेळासला जायचं ते हा धीर असेल तर. दोन रात्री तरी ठेवा आणि शनिवार-रविवार टाळा, गर्दीत दिसते ती समोरच्याची पाठ. राहायचं गावकऱ्यांच्या घरीच. बहुतेक ठिकाणी जेवण शाकाहारी असतं: कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मासे खायचे म्हणून कोकणात येणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. आमच्या मेव्हण्यांचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं. समुद्र वस्तीला लागून नाही, बरंच चालावं लागतं, तेही पहाटेच्या अंधारात. बाकी बघायला नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आणि सावित्री नदीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला. वेसवीहून फेरीबोटीत गाडी घालून बागमांडल्याला उतरलात की हरिहरेश्वर जवळच. कासवांचा हंगाम सोडून गेलात तर गावात काही ‘करायला’ नाही. मला ते आवडतं, पण मुलं दुसऱ्या दुपारी कंटाळली.

आंजर्ल्यात कंटाळायला सवड कमी. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, देऊळ डोंगरावर. गाडी वरपर्यंत जाते, पण पाय धड असतील तर गावातून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून जा. वरून जोग नदीची खाडी, माडांचे शेंडे आणि पलीकडे समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. पूर्वी या गावात यायचं तर होडीतून खाडी ओलांडावी लागे, आता पूल आहे आणि हर्णै हाकेवर आलंय. तिथला संध्याकाळचा माशांचा लिलाव चुकवू नका. होड्यांतून टोपल्या उतरतात, भोवती रिंगण होतं, आणि आपण ‘सुरमई’ आहे की ‘तोवर’ जातीचा मासा, हे ओळखेपर्यंत बोली संपलेली असते.

समुद्रही आगराच्या मागच्या दारी. आईच्या गुडघ्यांना वेळासची पायपीट झेपली नसती, इथे ती सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची. कासवांची पिल्लं इथेही सोडतात. मासे मिळतात, दापोलीचे दवाखाने नि एटीएम त्या मानानं जवळ आहेत, आणि किनाऱ्यानं पाडले, आडे करत केळशीपर्यंतचा रस्ता झकास आहे. उणं म्हणाल तर गाव हळूहळू पर्यटनाच्या वळणावर चाललंय. वेळासला आजी पडवीत येऊन ‘कुठल्या गो तुम्ही?’ विचारतात, तसं इथे दर घरी होईलच असं नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसेल: आगरांत उंच झाडांमधली मोकळी जागा आणि तिथली कोवळी रोपं. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात इथली हजारो झाडं आडवी झाली. पोफळ लावली की सुपारी दिसायलाच काही वर्षं जातात, तोवर घर चालतं ते बऱ्याचदा पाहुण्यांवर. म्हणून खोलीच्या भाड्यात घासाघीस करणाऱ्यांना मी दोन्हीपैकी एकही गाव सुचवत नाही.

म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा मासेखाऊ बरोबर असतील तर बिनदिक्कत आंजर्ले. एकटे-दुकटे असाल, पहाटे उठायची तयारी असेल आणि पिल्लं न दिसताही परतावं लागलं तर रुसणार नसाल, तर वेळास. निघायच्या आदल्या दिवशी घरमालकांना फोन करून घरटी कुठवर आलीत ते मात्र विचारा. आम्हाला त्यांनी ‘एक दिवस उशिरा या’ असं सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नाही.