फुकटच्या रडारवर तेलाचा तवंग : कोपर्निकस ब्राउझर आणि स्नॅप

मे उजाडला की आमच्या मालवणच्या वाळूत डांबराचे गोळे दिसायला लागतात. बाहेर समुद्रात सांडलेलं तेल उन्हापाण्याने घट्ट होऊन किनाऱ्याला लागतं. पायाला चिकटलं की खोबरेल तेलाने चोळून काढायचं, नाहीतर सौ. उंबऱ्यावरच अडवते. सारा जन्म भूगोल शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर म्हटलं, हे येतं कुठून ते वरून बघू.

आधी एका ऑनलाइन कार्यशाळेत साडेतीन हजार घातले. तीन दिवस स्लाइड वाचून दाखवल्या, नावच घेत नाही. लागणारं सगळं फुकट मिळतं हे नंतर कळलं. युरोपचे सेंटिनेल उपग्रह, त्यांची चित्रं बघायला कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट आणि मोजमापाला स्नॅप हे सॉफ्टवेअर.

ब्राउझर मला मनापासून आवडला. खातं उघडा, तारीख निवडा, चित्र समोर. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवावं म्हणून मॉरिशस काढलं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे 1,000 टन इंधन सांडलं. सेंटिनेल-2 च्या 11 ऑगस्टच्या चित्रात निळ्याशार खाजणात तेलाची काळी रेघ साध्या डोळ्यांनी दिसते.

पण सेंटिनेल-2 म्हणजे कॅमेरा. आमच्याकडे पावसाळ्यात त्याला फक्त ढग दिसतात. इथे सेंटिनेल-1 चं रडार हवं; त्याला ना ढगांची अडचण, ना रात्रीची. वाऱ्याने पाण्यावर बोटभर लहरी उठतात, त्यांच्यावरून रडारचा किरण परततो. तेल त्या लहरी निजवतं, म्हणून तवंग काळा दिसतो. चित्र उघडताना व्हीव्ही निवडा, म्हणजे उभी लहर सोडून उभीच टिपलेलं चित्र. व्हीएचमध्ये (उभी सोडून आडवी टिपलेली) जहाजं छान दिसतात, तेल नाही. एक गंमत : चालत्या जहाजाचा पांढरा ठिपका त्याच्याच पाण्यातल्या रेघेपासून बाजूला सरकलेला दिसतो, रुळावरून घसरलेल्या गाडीसारखा. मी अर्धा तास स्वतःचं काहीतरी चुकलं म्हणून बसलो होतो. ते जहाजाच्या वेगामुळे होतं.

आता कुरकुर. उपग्रह सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास डोक्यावरून जातो आणि हिवाळ्यात त्या वेळी आमचा समुद्र कधीकधी तेल ओतल्यासारखा गुळगुळीत असतो. फेब्रुवारीतल्या एका चित्रात देवगडसमोर मला चाळीस चौरस किलोमीटरचा 'तवंग' सापडला. दोघांना फोनही करून झाले. वारा पडला होता, एवढंच. वारा साधारण सेकंदाला 3 ते 10 मीटर असेल तेव्हाच्याच काळ्या डागावर भरवसा ठेवा. त्याहून जोराचा असला तर तेल पाण्यात घुसळून दिसेनासं होतं. शिवाय एका उपग्रहाला तीच वाट पुन्हा धरायला 12 दिवस लागतात. जोडीतला 1बी डिसेंबर 2021 मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी 1सी वर गेला तो डिसेंबर 2024 मध्ये, त्यामुळे मधल्या काळातली चित्रं विरळ आहेत.

स्नॅपमध्ये तेलगळती शोधायचं तयार अवजार आहे. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ठरावीक डेसिबलने (परतलेल्या किरणाचा जोर मोजायचं माप) काळे ठिपके ते वेचतं आणि बारीकसारीक डाग गाळून टाकतं. काम चोख, पण एकेक फाइल जवळजवळ एक जीबीची. माझा आठ जीबी रॅमचा म्हातारा लॅपटॉप ती उघडताना पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. चुलीवर भात ठेवून बसायची तयारी हवी.

हे सगळं करून शेजारच्या काकांना पडद्यावर सहा चौरस किलोमीटरचा पट्टा दाखवला. त्यांची गिलनेटची होडी आहे. ते म्हणाले, "मास्तरांनू, दिसला तां बरा झाला. पण किती लिटर तां सांगा."

इथे रडार गप्प. ते क्षेत्रफळ देतं, जाडी नाही. जाडी ठरते रंगावरून, त्यासाठी युरोपात विमानातून बघणाऱ्यांची बॉन कराराची (उत्तर समुद्रातल्या प्रदूषणावरचा करार) रंगसारणी वापरतात. नुसती रुपेरी झाक असेल तर 0.04 ते 0.3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), धातूसारखी चकाकी असेल तर 5 ते 50. एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रॉन म्हणजे हजार लिटर. माझा सहा चौरस किलोमीटरचा पट्टा झाक असेल तर कमीत कमी 240 लिटर, एका पिंपाहून थोडं जास्त. चकाकी असेल तर 3 लाख लिटरपर्यंत, म्हणजे पंधरा टँकर. आणि चित्र दोन्ही वेळा सारखंच काळं! या चित्रावरून कोणी छातीठोक टनाचा आकडा सांगितला तर जाडी कुठून आणली ते विचारा.

माझ्याकडून ब्राउझरला पाचपैकी साडेचार, स्नॅपला तीन. नवा लॅपटॉप घेतल्यावर अर्धा वाढवीन.

आता काकांशी वाटणी ठरली आहे. पट्टा कुठे, किती लांब ते मी सांगायचं; रंग त्यांनी बघायचा. होडीवरून तिरकं दिसतं, विमानातून दिसतं तसं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. त्या पट्ट्यातून येऊन ते म्हणाले, "मोराच्या पिसागत." सारणीत इंद्रधनुषी म्हणजे 0.3 ते 5 मायक्रॉन. वहीत लिहिलंय : 1,800 ते 30,000 लिटर.